भाड्याचा कॅमेरा : चित्रपटसृष्टीतील एक अपरिचित व्यवसाय

चित्रपट संपतो, पडद्यावरून नामावली सरकू लागते आणि प्रेक्षक उठून बाहेर पडतात. त्या नामावलीच्या अगदी अखेरीस कॅमेरे आणि दिवे पुरविणाऱ्या संस्थेचे नाव येऊन जाते. ते वाचण्यास क्वचितच कोणी थांबत असेल. वास्तविक बहुतेक निर्मात्यांजवळ स्वतःचा कॅमेरा नसतो. कॅमेरा, भिंगे, दिवे, ट्रॉली, क्रेन, ध्वनिमुद्रणाची सामग्री हे सारे भाड्याने आलेले असते आणि काम आटोपताच परत जाते. या व्यवहारात स्पर्धा कशी चालते, वर्चस्व कोणाचे राहते आणि त्याची झळ कोणाला लागते, याचा थोडा ऊहापोह आम्ही येथे करणार आहोत.

आरंभी ही रीत नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा विकत आणला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेरा घरीच घडविला. पुढे प्रभातसारख्या कंपन्यांच्या आवारात यंत्रे कंपनीचीच असत आणि ती चालविणारी माणसेही पगारी असत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही घडी विस्कटली. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. अमेरिकेत १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मोठ्या स्टुडिओंना आपल्या चित्रपटगृहांपासून फारकत घ्यावी लागली. स्वतंत्र निर्मात्यांचा जमाना आला. ज्याला वर्षातून दोन महिनेच कॅमेरा लागतो, त्याने तो विकत का घ्यावा? भाडे-व्यवसायाचा पाया या साध्या हिशेबावर उभा आहे.

परंतु भाडे हा नेहमीच सोयीचा सौदा नसतो. यंत्र मुळी विकायचेच नाही, फक्त भाड्याने द्यायचे, असे एखाद्याने ठरविले म्हणजे काय घडते, याचे ठळक उदाहरण टेक्निकलर कंपनीने घालून दिले आहे.

१९३२ च्या सुमारास या कंपनीचा तीन पट्ट्यांचा कॅमेरा वापरात आला. भिंगामागील लोलक प्रकाश विभागून एकाच वेळी तीन निगेटिव्ह फिल्मवर पाडीत असे. असे कॅमेरे मोजकेच होते आणि कंपनी ते कोणाला विकत नसे. निर्मात्याने कॅमेरा भाड्याने घ्यावा, त्याबरोबर कंपनीचे तंत्रज्ञ घ्यावेत, रंगांबाबत सल्ला देणारी कंपनीची व्यक्ती घ्यावी, फिल्म कंपनीमार्फत घ्यावी आणि अखेर धुलाई व प्रतीही कंपनीच्याच प्रयोगशाळेत करून घ्याव्यात, असा हा बांधील व्यवहार होता. नायिकेच्या साडीचा वा पडद्यांचा रंग कोणता असावा, याबाबतही यंत्राच्या मालकाचे मत ऐकावे लागे. भाडे कॅमेऱ्याचे खरे, पण त्यासोबत निर्मात्याचे स्वातंत्र्यही थोडेफार गहाण पडत असे.

न्यायाने बोलायचे तर या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. यंत्र नाजूक होते. अननुभवी हातांत पडून चित्रे बिघडली असती तर नाव टेक्निकलरचेच खराब झाले असते. त्या काळातील कित्येक चित्रपटांचे रंग आजही मन मोहून घेतात, याचे श्रेय या कडक शिस्तीस द्यावेच लागेल. तथापि, शिस्त आणि मक्तेदारी यांच्यातील सीमारेषा फार पुसट असते. १९४७ साली अमेरिकन सरकारने टेक्निकलर आणि ईस्टमन कोडॅक या दोन कंपन्यांवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला. कोडॅकने १९४८ मध्ये आणि टेक्निकलरने १९५० मध्ये तडजोड मान्य केली.

मात्र ही कोंडी एकट्या कायद्याने फुटली असे म्हणता येणार नाही. १९५० मध्येच कोडॅकने एकाच पट्टीवर तिन्ही रंग टिपणारी ईस्टमनकलर निगेटिव्ह बाजारात आणली. ती साध्या कॅमेऱ्यात चालत असे. पाच-सहा वर्षांत तो तीन पट्ट्यांचा अवजड कॅमेरा चित्रीकरणातून बाद झाला.

यंत्राबरोबर येणारी विद्या कोणाच्या हाती राहते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. आपल्या समाजातील जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून अर्देशीर इराणी यांनी 'आलम आरा' काढला आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये तो झळकला. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासोबत विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकन तंत्रज्ञ आले होते. परंतु इराणी यांनी ती विद्या स्वतः शिकून घेतली. उलटपक्षी, १९५३ साली सोहराब मोदी यांनी 'झाँसी की रानी' टेक्निकलरमध्ये प्रदर्शित केला, त्यासाठी अर्नेस्ट हॅलर हे हॉलिवूडचे नामांकित छायालेखक पाचारण करण्यात आले. चित्रपट भव्य झाला, पण धंदा बुडाला. आणि टेक्निकलरचा कॅमेरा काही मुंबईच्या घरचा झाला नाही.

टेक्निकलरच्या कॅमेऱ्याचा अस्त होत असतानाच लॉस एंजेलिसमध्ये दुसरे एक नाव उदयास येत होते. रुंद पडद्याची लाट १९५३ मध्ये सिनेमास्कोपने आणली. त्या भिंगांत एक खोड होती : चेहरा जवळून घेतला की तो गालगुंड झाल्यासारखा फुगलेला दिसे. रॉबर्ट गॉट्शॉक यांच्या पॅनाव्हिजन कंपनीने हा दोष दूर करणारी भिंगे तयार केली आणि हॉलिवूड तिच्याकडे वळले. पॅनाव्हिजननेही आपले कॅमेरे व भिंगे विकण्याऐवजी भाड्यानेच देण्याचे धोरण पत्करले. प्रत्येक भिंग काम संपताच कंपनीकडे परत येई, तपासले जाई, सुधारले जाई. ग्राहकाला नेहमी अद्ययावत वस्तू मिळे. पण इतर भाडे-व्यावसायिकांना ती वस्तू विकत घेऊन स्पर्धेत उतरण्याची वाटच उरली नाही.

म्युनिकच्या आरी कंपनीने मार्ग वेगळा धरला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९३७ मध्ये आरशाच्या शटरचा आरीफ्लेक्स कॅमेरा काढला. तो विकत मिळत असल्याने देशोदेशीच्या लहानमोठ्या व्यावसायिकांनी तो घेतला आणि त्यावर आपली दुकाने थाटली. मात्र आरीचा स्वतःचाही भाडे-विभाग आहे. २०१४ मध्ये आलेला आलेक्सा ६५ हा कॅमेरा तर केवळ त्या विभागामार्फतच भाड्याने मिळू लागला. ज्याच्याकडून माल घ्यायचा तोच समोरच्या पेढीवर बसलेला असला, तर लहान दुकानदाराने कोणाकडे दाद मागावी? यात बेकायदेशीर काही आहे असे आमचे म्हणणे नाही. पण लढत बरोबरीची नाही, एवढे खास.

२००७ साली रेड कंपनीने डिजिटल कॅमेऱ्याचा केवळ सांगाडा साडेसतरा हजार डॉलरना विकावयास काढला आणि सारा हिशेबच बदलून गेला. मोठी किंमत हेच ज्या व्यवसायाचे कुंपण होते, त्याचे कुंपण कोसळले. छायालेखक कर्ज काढून स्वतःच कॅमेऱ्याचा मालक होऊ लागला. निर्माता विचारू लागला, "तुमच्याकडे कॅमेरा आहे का?" हातातील कसबाच्या आधी खांद्यावरील यंत्राची चौकशी होऊ लागली, ही गोष्ट आम्हांस खेदाची वाटते.

या धंद्यातील रीतिरिवाजही जाणून घेण्याजोगे आहेत. छापील दरपत्रक हे बहुधा घासाघीस सुरू करण्यापुरतेच असते. अमेरिकेत आठवड्याचे भाडे कित्येकदा तीन वा चार दिवसांचेच आकारतात. एखाद्या दुकानी हवी ती वस्तू नसली, तर तो दुकानदार ती आपल्या प्रतिस्पर्ध्याकडूनच भाड्याने आणून ग्राहकाला देतो; सकाळी एकमेकांचे गिऱ्हाईक पळविणारे दोघे सायंकाळी एकमेकांची गरज भागवितात. विम्याचा कागद दाखविल्याशिवाय सामान बाहेर पडत नाही. मुंबईत यंत्राबरोबर अटेंडंट व लाइटमनही येतात आणि भाडे शिफ्टवर ठरते.

स्पर्धेने दर उतरतात आणि नवोदितास संधी मिळते, हे निःसंशय खरे. परंतु दर किती उतरावा, याला मर्यादा असते. डिजिटल कॅमेरा काही वर्षांतच जुना ठरतो. तेवढ्या अवधीत त्याने आपली किंमत व कर्जाचे व्याज फेडून वर पुढील यंत्रापुरते मिळवावे लागते. शेजाऱ्याला हरविण्यासाठी जो त्याहून खाली उतरतो, तो खर्च कोठे कमी करतो? भिंगांची तपासणी टळते, दुसरा राखीव कॅमेरा ठेवला जात नाही, आणि पहाटेपासून जड पेट्या वाहणाऱ्या अटेंडंटच्या पदरात कमी पडते. मग ऐन चित्रीकरणात कॅमेरा बंद पडला की नट, तंत्रज्ञ, जेवणावळ, जागेचे भाडे या सर्वांचा खर्च चालूच राहतो. स्वस्त भाड्याने वाचविलेले पैसे अशा एका दुपारीच खर्ची पडतात.

आमच्या तरुण वाचकांपैकी ज्यांना या व्यवसायाची ओढ असेल, त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कॅमेरा भाड्याने घेताना केवळ दर विचारू नये. बिघाड झाल्यास दुसरा कॅमेरा किती वेळात येईल, विमा कोणाचा, आणि सोबत आणखी काय घेणे बंधनकारक आहे, हेही विचारावे. आणि कॅमेरा विकत घेण्यासाठी कर्ज काढण्याचा विचार असेल, तर आधी ती विद्या हस्तगत करावी. टेक्निकलरचे यंत्र गेले, फिल्मचे कॅमेरे मागे पडले, आजचा डिजिटल कॅमेराही उद्या जुना होईल. कर्जाचा हप्ता मात्र यंत्र जुने झाले म्हणून थांबत नाही, आणि तो फेडण्यास अखेर अंगचे कसबच उपयोगी पडते.