डिस्चार्जनंतरचे बेचाळीस दिवस

सत्तरी ओलांडलेल्या बाई न्हाणीघरात घसरून पडतात आणि खुबा मोडतो. इथपासून पुढचे पाच-सात दिवस महाराष्ट्रात आता बऱ्यापैकी निभावतात. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. शस्त्रक्रिया होते, पुष्कळदा ती सरकारी योजनेत बसतेही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळण्याची सोय झाली आहे. अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत, पण पाऊल मोठं आहे, यात वाद नाही.

खरी पंचाईत सुरू होते ती घरी सोडतात त्या दिवशी. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं: वॉकरने चालवणे, फिजिओथेरपी, प्रथिनयुक्त आहार, पंधरा दिवसांनी दाखवणे. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, संडास उकिडवं बसण्याचा आहे, सून सकाळी आठला कामावर जाते आणि दिवसभर घरात उरतात ते ब्याऐंशी वर्षांचे आजोबा, ज्यांना स्वतःलाच नीट दिसत नाही, यातलं कार्ड लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला काही ठाऊक नसतं. दोष त्याचा नाही. हे विचारणं त्याच्या कामात नाही, आणि रुग्णालयातल्या दुसऱ्या कोणाच्या कामात असल्याचंही सहसा दिसत नाही.

मग धावपळ सुरू होते. वॉकर विकत घ्यायचा की कुणाचा जुना मिळतो ते पाहायचं. कमोडची खुर्ची भाड्याने आणायची. घरी येणारा फिजिओ शोधायचा, तो परवडतो का ते बघायचं. ब्युरोतून बाई बोलवायची, ती चार दिवसांत सोडून गेली की दुसरी. मध्येच नोव्हेंबर उजाडला तर पेन्शनसाठी हयातीचा दाखला, आणि आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. प्रत्येक कामाचं दार वेगळं, प्रत्येक दारी आधार कार्डाची नवी झेरॉक्स. ही सगळी दारं जोडण्याचं काम कोणीतरी करत असतंच. बहुतेक घरांत ते पन्नाशीतली एखादी बाई करते: सून, लेक, कधी अविवाहित बहीण. तिला स्वतःला रक्तदाब असतो, आणि तिच्या या कामाची नोंद कुठल्याच खात्यात नसते.

आपल्याकडे सेवाच नाहीत, असं म्हणायची पद्धत आहे. ते अर्धंच खरं आहे. २०१०-११ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची तपासणी, अंथरुणाला खिळलेल्यांना उपकेंद्रातून घरभेट, असा तो आराखडा. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय हे त्यातल्या पहिल्या आठ प्रादेशिक केंद्रांपैकी एक. दुसऱ्या बाजूला सामाजिक न्याय खातं. वृद्धाश्रमांची अनुदानं, १४५६७ ही हेल्पलाइन, वयोश्री योजनेतल्या काठ्या, चष्मे आणि श्रवणयंत्रं ही सगळी त्याच्याकडे. वयोश्रीचं साहित्य शिबिरात वाटलं जातं; खुबा मात्र शिबिराची तारीख पाहून मोडत नाही. निवृत्तिवेतनाचा अर्ज तहसील कचेरीत, निर्वाहभत्त्याचा दावा प्रांतांपुढे, एसटीची सवलत परिवहन महामंडळाकडे. म्हणजे सेवा पुष्कळ आहेत, फक्त त्यांची आपसात ओळख नाही.

गंमत अशी की, कायद्याला हे सुचलेलं होतं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आपल्याला माहीत असतो तो मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत भत्ता मिळवून देणारा म्हणून. घर नावावर करून घेऊन आई-बापांना बाहेर काढणाऱ्यांच्या बातम्यांत त्याचा उल्लेख येतो. त्याच कायद्याचं कलम २० रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खाटा आणि वेगळ्या रांगा ठेवायला सांगतं, आणि कलम २१ म्हणतं की कायदा, गृह, आरोग्य आणि कल्याण या विभागांच्या सेवांमध्ये परिणामकारक समन्वय राहील आणि त्याचा वेळोवेळी आढावा घेतला जाईल, हे राज्य सरकारने पाहावं. समन्वय कोणी करायचा, त्याला पगार कोण देणार, त्याच्या टेबलावर फोन असेल का, याबद्दल कलम गप्प आहे. जबाबदारी सगळ्यांची म्हटली की ती कोणाचीच राहत नाही, हे सरकारी कचेरीत दोन वर्षं काढलेला कोणीही सांगेल.

पाहणी करणाऱ्यांनी मात्र हे जोडून दाखवलं आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. ती लासी या नावाने ओळखली जाते. तिच्यात पाहणी करणारी माणसं एकाच घरात बसून रक्तदाब मोजत होती, हाताच्या पकडीचा जोर पाहत होती, ठरावीक अंतर चालायला किती वेळ लागतो ते टिपत होती. आणि त्याच बैठकीत विचारत होती की पेन्शन मिळते का, घरात कोण आहे, सरकारी योजना ठाऊक आहेत का. म्हातारं माणूस एकसंध आहे हे आकडे गोळा करताना आपल्याला कळतं, मदत पोचवताना विसरायला होतं.

पैशाची बाजूही एकदा पाहून घेऊ. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरच्या निराधारांना २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्या उत्पन्नात कुटुंब जगतं कसं, याचं उत्तर दाखला देणाऱ्या तलाठ्याकडेही नसावं. आणि शहरात बारा तासांच्या बाईला महिन्याचे पंधरा-वीस हजार सहज जातात. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दोन हजार साठीपासूनच मिळतात, शिवाय पोर्तुगीज काळापासूनची प्रोवेदोरिया ही संस्था सरकारी वृद्धाश्रम चालवते. पण तिथेही इस्पितळ वेगळं आणि समाजकल्याण वेगळं.

हा गरीब देशांचाच रोग आहे असं समजू नये. इंग्लंडमध्ये ही फट कायद्यानेच पाडली. ५ जुलै १९४८ या एकाच दिवशी तिथे दोन व्यवस्था सुरू झाल्या. राष्ट्रीय आरोग्य सेवा, जी सर्वांना मोफत. आणि राष्ट्रीय साहाय्य कायदा, ज्याने वृद्धांची निवासाची आणि देखभालीची सोय नगरपालिकांकडे दिली, ऐपत तपासून. खुब्याची शस्त्रक्रिया हा उपचार, तो फुकट. त्यानंतर अंघोळ घालणं ही देखभाल, तिचं बिल. आजही इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता असेल तर देखभालीचा खर्च स्वतःच करावा लागतो, आणि वृद्धाश्रमात कायमचं राहायला जाणाऱ्या एकट्या माणसाचं घरही त्यात मोजलं जातं. परिणाम असा की, बऱ्या झालेल्या आजीबाई रुग्णालयाची खाट अडवून बसतात, कारण घरी त्यांना बघायला येणाऱ्या बाईची नेमणूक नगरपालिकेकडे अडकलेली असते. खाट महाग, बाई स्वस्त; पण दोघींचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत.

डेव्हन परगण्यातल्या टॉर्बेने यावर एक साधी युक्ती केली. समुद्रकाठचा हा भाग, निवृत्त माणसांचा भरणा. २००५ मध्ये तिथे आरोग्य आणि देखभाल एका संस्थेखाली आणली. अधिकाऱ्यांनी मिसेस स्मिथ नावाच्या काल्पनिक वृद्धेला समोर ठेवून एकच प्रश्न विचारला, या बाईला आज किती जणांना किती वेळा तीच माहिती सांगावी लागते? मग वस्तीनिहाय छोटी पथकं आली, पैसा एकत्र झाला. पण ज्याची सगळ्यात जास्त वाखाणणी झाली ते पद ना डॉक्टरचं होतं ना नर्सचं. वैद्यकीय पदवी नसलेला एक समन्वयक, ज्याला डॉक्टर, कुटुंब, परिचारिका सगळे एकाच नंबरवर फोन करत आणि तो पुढची सूत्रं हलवी. २०२२ च्या कायद्याने अशी एकत्रित व्यवस्था इंग्लंडभर आणायचं ठरवलं. वरचे बोर्ड लवकर बदलले. खाटा अडतात त्या अजून अडतातच. मला वाटतं, टॉर्बेचं खरं गमक संस्थेच्या विलीनीकरणात नसून त्या एका फोनमध्ये होतं, आणि नक्कल करणाऱ्यांनी नेमकं विलीनीकरणच उचललं.

जपानची गोष्ट एका गावच्या डॉक्टरपासून सुरू होते. हिरोशिमा प्रांतातल्या मित्सुगीमध्ये १९७० च्या दशकात डॉ. नोबोरू यामागुची यांच्या लक्षात आलं की पक्षाघातातून आपण वाचवलेले रुग्ण वर्षा-दोन वर्षांनी परत येतात ते डायपर लावलेले, पाठीला जखमा झालेले. शस्त्रक्रिया चांगली झाली होती, घरीच काहीतरी बिनसत होतं. त्यांनी परिचारिका घरोघर पाठवल्या. पुढे १९८४ मध्ये गावाचा आरोग्य आणि कल्याण विभागच रुग्णालयाच्या आवारात आणून बसवला. आज जपान ज्याला वस्तीपातळीवरची एकात्मिक देखभाल म्हणतो, तिचं मूळ इथे.

२००० च्या एप्रिलमध्ये जपानने देखभाल विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने वर्गणी भरायची. पासष्टीनंतर गरज पडली की नगरपालिकेचा माणूस घरी येऊन ७४ मुद्द्यांची तपासणी करतो: कूस बदलता येते का, नखं कापता येतात का, पैशाचा हिशेब ठेवता येतो का. त्यावरून सात पायऱ्यांपैकी एक ठरते. खर्चाचा दहा टक्के वाटा स्वतःचा, चांगलं उत्पन्न असेल तर वीस किंवा तीस. आणि मग येते केअर मॅनेजर. तीच महिन्याचा आराखडा करते: सोमवारी अंघोळीला मदत, बुधवारी दिवसकेंद्र, शुक्रवारी परिचारिका. महिन्यातून एकदा तरी तिने घरी येऊन पाहायचं असतं आणि या जुळवाजुळवीसाठी कुटुंबाला एक येनही द्यावा लागत नाही. जपानने देखभालीचे पैसे घेतले, पण जोडणीचे घेतले नाहीत, ही त्या कायद्यातली सर्वांत शहाणी तरतूद आहे. अडचणी त्यांनाही चुकलेल्या नाहीत. ज्येष्ठांची सरासरी मासिक वर्गणी २००० मध्ये २,९११ येन होती, ती २०२४ मध्ये ६,२२५ वर गेली. काम करणारी माणसं मिळेनाशी झाली.

विमा नाही, वर्गणी नाही, मग आपण काय करायचं? त्याचं एक उत्तर केरळात आहे. १९९३ मध्ये कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात वेदनाशमनाचं काम सुरू झालं, डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार ही त्यातली मोठी नावं. १९९९ पासून ते मलप्पुरम, वायनाडच्या वस्त्यांत शेजाऱ्यांच्या हाती गेलं. शेजारी कोण अंथरुणाला खिळलंय हे स्वयंसेवक शोधतात, परिचारिका घरी जाते, आणि गरज असेल तर त्या घरात तांदूळही पोचतो, पोरांच्या वह्या-पुस्तकांचीही सोय होते. पैसा मुख्यतः गावातूनच, थोडा थोडा. २००८ मध्ये केरळने याचं धोरण केलं आणि पंचायतींना परिचारिका नेमायला लावलं. महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं. फरक कागदाचा नाही, पंचायतीचा आहे. केरळात घरभेटीची परिचारिका ग्रामपंचायतीला आपली वाटते, आपल्याकडे ती जिल्हा रुग्णालयाची असते.

केरळात वृद्ध जास्त म्हणून तसं, असंही म्हणतात. २०११ च्या जनगणनेत तिथे साठीवरचे १२.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९. आपण काही वर्षं मागे आहोत इतकंच, आणि तयारीला मिळालेला तो वेळ बराचसा संपला आहे.

पुण्यात दरम्यान बाजाराने ही फट हेरली. मुलं न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला, आई-वडील कोथरूडला. महिन्याचं शुल्क भरलं की कंपनीचा माणूस दवाखान्यात बरोबर येतो, औषधं आणतो, मुलांना व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवतो. यात वाईट काही नाही. उलट या कामाला किंमत आहे हे निदान कोणीतरी मान्य केलं. फक्त ती ज्यांना परवडते त्यांच्यापुरतीच आहे. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि त्यांचा फेस्कॉम हा महासंघ सवलतींसाठी नेटाने भांडतात, विरंगुळा केंद्रं चालवतात. पण संघात येऊ शकतो तो चालता-फिरता म्हातारा. अंथरुणाला लागलेला सभासद यादीत राहतो आणि सतरंजीवर दिसेनासा होतो.

मला नमुना हवा असेल तर मी जपानला जाणार नाही, गडचिरोलीला जाईन. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली, आणि पुढे २०११ मध्ये ती देशभरच्या आशा सेविकांच्या कामात आली. तिचं सौंदर्य तिच्या वेळापत्रकात आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात, बेचाळीस दिवसांत, कोणत्या दिवशी काय पाहायचं ते ठरलेलं, फॉर्म भरलेला, भेटी पुऱ्या झाल्या की आशाला अडीचशे रुपये. बाळ, त्याची आई, घरातलं पाणी, ऊब, हे सगळं एकच बाई एकाच भेटीत बघते.

खुबा मोडून घरी आलेल्या आजीसाठी याच धर्तीवर बेचाळीस दिवस आखता येतात. तिसऱ्या दिवशी अंथरूण, संडासची सोय, गोळ्यांचा डबा. सातव्या दिवशी पाठीवर जखम आहे का, चालवतात का. चौदाव्या दिवशी फेरतपासणीला नेणारं कोण. एकविसाव्या दिवशी वॉकर आणि निवृत्तिवेतनाचे अर्ज. अठ्ठाविसाव्या दिवशी सुनेची तब्येत, हे मी मुद्दाम घालतो आहे. बेचाळिसाव्या दिवशी पुढे कोणाच्या हाती. फक्त हे ओझं आजच्या आशेच्या डोक्यावर आणखी एक म्हणून टाकू नये. कामागणिक मोबदल्यावर तिच्याकडून आधीच इतकं करून घेतलं जातं की तिला मोर्चे काढावे लागतात. तालुक्याला वेगळी माणसं लागतील, पगारी, आणि रुग्णालयाला डिस्चार्जच्या आदल्या दिवशी त्यांना फोन करणं बंधनकारक लागेल.

असा प्रस्ताव मंत्रालयात गेला तर त्यावर पहिला शेरा काय येईल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही: सदर खर्च आरोग्य विभागाच्या लेखाशीर्षाखाली दाखवावा की सामाजिक न्याय विभागाच्या, याबाबत अभिप्राय द्यावा.