रिकाम्या बाटलीची करामत

नव्या औषधांच्या चाचण्या हजारो रुग्णांवर होतात. औषध बहुतेकांना लागू पडतं की नाही, एवढं त्यांतून कळतं. ‘पण मला पडेल का?’ या प्रश्नाला मात्र ‘घेऊन बघा, महिन्याने या’ हेच उत्तर मिळतं. त्यात खोट अशी की महिन्याभरात दुखणं आपसूक उतरतं, किंवा औषध चालू आहे या भरवशावरही बरं वाटतं. श्रेय गोळीला जातं.

यावर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी 1986मध्ये एक तोडगा मांडला: अख्खी चाचणी एकाच रुग्णावर करायची. काही दिवस खरं औषध, काही दिवस हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी, अशा जोड्या. जोडीत आधी कोणती, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. कधी काय चालू आहे हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरांना. त्यांचा रुग्ण दम्याचा होता. त्याला थिओफिलिनपेक्षा पोकळ गोळीवरच बरं वाटत होतं!

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजची सॅमसन चाचणी तर मला याहून चलाख वाटते. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिनने अंग दुखतं वगैरे म्हणून गोळ्या सोडलेले 60 जण तिने घेतले. प्रत्येकाला 12 बाटल्या, महिन्याला एक: चारांत अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन, चारांत पोकळ गोळ्या आणि चार चक्क रिकाम्या. त्रास किती, याचा 0 ते 100मधला आकडा रोज मोबाइलवर नोंदवायचा. स्टॅटिनच्या महिन्यांत सरासरी 16.3 आली, पोकळ गोळीच्या महिन्यांत 15.4, आणि रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत 8.

ही रिकामी बाटली नसती तर स्टॅटिन आणि पोकळ गोळी यांत फारसा फरक नाही, इथवरच गाडी आली असती. तिच्यामुळे कळलं की त्रास खरोखर वाढत होता. वाढवत होतं ते बहुतांशी गोळी घेणं, त्यातलं रसायन नव्हे. अशांना ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. आपापले आकडे दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

प्रत्येक आजाराला हे जमत नाही. न्यूमोनियात आलटून पालटून अँटिबायोटिक देणार कसं? आजार जुना आणि साधारण एकाच पातळीवर रेंगाळणारा हवा, औषधाचा असर लवकर दिसणारा आणि लवकर ओसरणारा हवा. शिवाय हुबेहूब पोकळ गोळ्या बनवून देणार कोण? नेहमीच्या केमिस्टचं ते काम नाही, आणि ‘तुमचं औषध याला नको’ असं सिद्ध करायला कुठली कंपनी पैसे घालेल?

पोकळ गोळ्या नसल्या तरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध दोन-तीनदा चालू-बंद करून रोज वहीत आकडा टिपता येतो. पक्का निकाल नव्हे, पण ‘घेऊन बघा’पेक्षा बरा. फिटच्या गोळ्यांवर मात्र हा प्रयोग नको; त्या अचानक थांबवल्या तर झटके उलटतात.