वापरलेल्या इंजिनातील कार्बनसंचय व त्याची सफाई : मुंबईतील टॅक्सीच्या संदर्भात

प्रस्तावना :
गिरगाव, दादर, परळ, लालबाग या परिसरांतील वाहतुकीत कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अनेक दशके अग्रभागी होती. या मालिकेतील शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव परिवहन कार्यालयात झाली आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती सेवेतून गेली. एकच इंजिन इतकी वर्षे चालवायचे, तर वेळोवेळी 'हेड खोलून कार्बन काढणे' अपरिहार्य होते. प्रस्तुत लेखात या कामामागील शास्त्र व त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

कार्बन साचण्याची कारणे :
इंधनाचे ज्वलन अपुरे झाले किंवा वंगणतेल ज्वलनकक्षात शिरले, की पिस्टनच्या माथ्यावर व हेडच्या आतील बाजूस काळा, कठीण थर बसतो. सिग्नलमागून सिग्नलला थांबणाऱ्या टॅक्सीचे इंजिन बराच काळ मंद गतीने चालते. त्यामुळे कक्षाचे तापमान पुरेसे वाढत नाही व थर जळून जात नाही. मुंबईत महानगर गॅस कंपनीच्या स्थापनेनंतर (१९९५) टॅक्सी क्रमाक्रमाने सीएनजीवर आल्या. हा वायू पेट्रोलपेक्षा बराच स्वच्छ जळतो. म्हणूनच सीएनजीवरील इंजिनात जाड थर आढळल्यास संशय इंधनावर नव्हे, तर झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून येणाऱ्या तेलावर घ्यावा लागतो.

परिणाम :
पद्मिनीच्या इंजिनाची क्षमता १०८९ घन सेंटीमीटर, सिलिंडर ४ व बोअर ६८ मिलिमीटर. दाबगुणोत्तर ८ गृहीत धरल्यास प्रत्येक सिलिंडरच्या ज्वलनकक्षाचे आकारमान सुमारे ३९ घन सेंटीमीटर येते. पिस्टनच्या माथ्यावर केवळ १ मिलिमीटर थर बसला, तरी त्यातील ३.६ घन सेंटीमीटर जागा व्यापली जाते व गुणोत्तर ८.७ वर जाते. शिवाय थरातील तापलेले कण ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटवितात. चढावर ऐकू येणारी 'नॉकिंग'ची टकटक हा याचाच परिणाम होय.

सफाईची पद्धती :
हेड उतरविण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. दाब कमी आल्यास प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. तो वाढला तर रिंगा वा बोअर झिजले आहेत, असे समजावे. न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये असतो.

हेड उतरविल्यावर पिस्टन सर्वांत वरच्या स्थितीत आणावा, कडेच्या फटीत ग्रीस भरावे आणि इतर सिलिंडर व पाणी-तेलाच्या वाटा स्वच्छ कापडाने बंद कराव्यात. थर केरोसीनने मऊ करून लाकडी किंवा बोथट पितळी पट्टीने खरवडावा. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असल्याने पोलादी पट्टीने ओरखडे पडतात; त्या ओरखड्यांत नवा कार्बन लवकर धरतो. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमच खातो. पॉलिश पेपरचे कण तेलात मिसळून बेअरिंगपर्यंत पोहोचतात, म्हणून तोही टाळावा. बोअरच्या भिंतीवरील बारीक तिरप्या रेघा तेल धरून ठेवतात. त्या घासून पुसू नयेत. रिंगांच्या खाचा साफ करण्यासाठी पिस्टन बाहेर काढावा लागतो. जुन्या रिंगेचा तुकडा त्यासाठी उपयोगी पडतो. शेवटी ग्रीससह सुटलेली काजळी पुसून नवे गॅस्केट बसवावे व हेडचे बोल्ट ठरावीक क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावेत.

निष्कर्ष :
कार्बन हा बहुतेक वेळा रोग नसून लक्षण असतो. रिंगा झिजलेल्या असताना केवळ माथा खरवडल्यास टॅक्सीचालकाची मजुरी जाते, तेवढ्या दिवसांची कमाई बुडते आणि काही महिन्यांत निळसर धूर कायमच राहतो. तो धूर लगतच्या वस्तीलाही सोसावा लागतो. म्हणून आधी निदान आणि मग सफाई, हाच क्रम मालकाच्या व शहराच्या हिताचा ठरतो. पद्मिनी रस्त्यावरून गेली असली, तरी जुन्या इंजिनांच्या बाबतीत हे तत्त्व आजही लागू आहे.