हाड जुळले, हात मात्र उठत नाही

जव्हारहून मोखाड्याला आणि पुढे त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिककडे जाणारा रस्ता घाटाचा, वळणांचा आहे. पावसाळ्यात त्यावर धुके उतरते, कडेची माती वाहून येते. आता पाड्यापाड्यात मोटारसायकल आहे आणि ती घसरली की चालवणारा बहुधा खांद्यावर आपटतो. डोके एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला ओढला जातो. खरचटते, कधी कॉलर बोन मोडते. एक्स-रे निघतो, हात झोळीत अडकवला जातो, सहा-आठ आठवड्यांत हाड जुळते. झोळी काढल्यावर कळते की हात खांद्यापासून लोंबतो आहे. उचलायला गेले तर उचलत नाही.

मराठीत ‘शीर’ म्हटले की रक्तवाहिनी आणि मज्जातंतू, दोन्ही आले. ‘नस’ या शब्दाचेही तेच. त्यामुळे ‘शीर दबली आहे’ असे कोणी सांगितले की घरच्यांच्या डोळ्यांसमोर अडलेले रक्त येते, आणि अडलेले ते चोळल्याने सुटेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या दुखापतीत रक्तपुरवठा बहुधा ठीक असतो, नाडी लागते, हात गरम असतो. तुटलेली असते ती मेंदूकडून स्नायूपर्यंत हुकूम नेणारी तार. ती मालिशने जोडली जात नाही.

मानेच्या मणक्यांमधून प्रत्येक बाजूला पाच मज्जातंतूंची मुळे हाताकडे निघतात. ती एकमेकांत गुंफली जातात आणि कॉलर बोनच्या मागून काखेत उतरतात. या वेणीला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. वरची दोन मुळे मुख्यतः खांदा उचलतात आणि कोपर वाकवतात, मधले कोपर व मनगट सरळ करते, खालची दोन बोटे आणि मूठ सांभाळतात. म्हणूनच खांद्यावर पडलेल्या एखाद्या तरुणाची बोटे छान हलतात, पण भाकरीचा घास तोंडापर्यंत जात नाही. बोटे हलतात एवढ्यावरून ‘हात चांगला आहे’ असा निर्वाळा देणे घातक ठरते.

झाडावरून पडणाऱ्याचे उलटे होते. या भागात नाचणी-वरईची रोपे करण्यासाठी राब भाजतात आणि राबासाठी झाडावर चढून फांद्या तोडाव्या लागतात. पाय निसटला की माणूस हाताला येईल ती फांदी धरतो. जीव वाचतो, पण सगळे वजन वर ताणलेल्या हातावर येते आणि खालची मुळे ओढली जातात. खांदा उठतो, मूठ मात्र वळत नाही. खालच्या मुळांच्या या लकव्याचे वर्णन १८८५ मध्ये पॅरिसमध्ये वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या ऑगस्ता क्लुम्पके यांनी केले. स्त्रियांना तिथल्या रुग्णालयांत निवासी डॉक्टर म्हणून घ्यावे की नाही यावर वाद चालू असण्याचा तो काळ होता. आजही हा लकवा त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

अशा हाताचे पुढे काय होणार, हे मुळाला नेमके काय झाले यावर ठरते. नुसते ताणले गेले असेल तर ते आपोआप सुधारते. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. मधेच तुटले असेल तर शस्त्रक्रियेने सांधता येते. मणक्यातूनच उपटले गेले असेल तर ते पुन्हा जागेवर बसवून चालते करण्याचा खात्रीचा मार्ग अजून नाही. संपूर्ण बधीर झालेल्या हातात पहिल्या दिवसांपासून होणारी प्रचंड आग आणि त्याच बाजूची झुकलेली पापणी व लहान झालेली बाहुली ही मूळ उपटल्याची लक्षणे असू शकतात. नेमके निदान तपासणी, मानेचा एमआरआय आणि मज्जातंतूंची विद्युत चाचणी यांवरून होते. विद्युत चाचणी अपघातानंतर लगेच केली तर फसवी ठरू शकते, ती तीन-चार आठवड्यांनी करतात.

आणि इथून घड्याळाचा प्रश्न सुरू होतो. जोडलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंतचे अंतर २५ सेंटिमीटर धरले तर आठ-नऊ महिने झाले. स्नायू तेवढा थांबतो का? थांबतो, पण कायमचा नाही. हुकूम बंद झालेला स्नायू सुकत जातो आणि बारा ते अठरा महिन्यांनी तार पोहोचली तरी ती स्वीकारण्याची त्याची क्षमता जवळपास संपते. चौथ्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली तर तार वर्षभराच्या आसपास पोहोचते. बाराव्या महिन्यात झाली तर ती पोहोचते तेव्हा तिथे स्नायूच्या जागी निव्वळ दोरखंड उरलेला असतो. म्हणून हालचाल परतण्याची चिन्हे नसतील तर तीन ते सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. कोयत्याने किंवा काचेने तुटलेल्या मज्जातंतूला तर एवढीही सवड देऊ नये. तो काही दिवसांतच शिवायला हवा.

जव्हार-मोखाड्याचे कॅलेंडर या घड्याळाशी जुळत नाही. दिवाळीनंतर भात झोडून झाले की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर आणि बांधकामांवर जातात. अपघात तिथे होतो, पहिला उपचार तिथल्याच एखाद्या दवाखान्यात होतो, कागद तिथेच राहतात. उचल घेतलेली असते, म्हणून घरातले बाकीचे काम सोडू शकत नाहीत. शिमग्याला गावी आल्यावर हाडवैद्य आणि भगत होतात. मग आगोटीची कामे येतात. पाऊस पडतो तेव्हा सात महिने उलटलेले असतात. यात कुणा एकाचा हलगर्जीपणा शोधण्यात अर्थ नाही. भगतावर खापर फोडणे तर सर्वांत सोपे, पण ‘हाड जुळले, आता व्यायाम करा’ असे सांगून पाठवणाऱ्या डॉक्टरांकडेही तितकेच महिने जातात. भगताकडे जायचे तर जावे. हाताला हिसका देऊ नये आणि तापलेल्या तेलाने शेकू नये, एवढे त्यालाच सांगून ठेवावे.

खरे तर पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे. खांदा बाजूला उचल, कोपर वाकव, मनगट वर कर, बोटे फाक, मूठ वळ. डोक्याला मार लागला असेल, मांडीचे हाड मोडले असेल तर आधी जीव वाचवावा लागतो आणि हाताची तपासणी राहून जाते, हे समजण्यासारखे आहे. पण रुग्ण शुद्धीवर आला की ती करता येते आणि झोळी काढताना पुन्हा करता येते. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा कोणतेही प्राथमिक आरोग्य केंद्र, हे पाच प्रश्न विचारायला कुठल्याच यंत्राची गरज नाही. उत्तर ‘हलत नाही’ असे आले तर महिन्याभराच्या आत रुग्ण अशा शस्त्रक्रिया होणाऱ्या ठिकाणी एकदा दाखवलेला असावा. जव्हारला रेल्वे नाही. नाशिक सुमारे ८० किलोमीटर, मुंबई त्याच्या जवळपास दुप्पट. नाशिक जवळ असले तरी मज्जातंतूंची सूक्ष्म शस्त्रक्रिया बहुतेक वेळा मुंबईच्या केईएम किंवा जे. जे.सारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील प्लास्टिक सर्जरी विभागापर्यंत नेते. चिठ्ठीवर नुसते ‘हाताला अशक्तपणा’ असे न लिहिता अपघाताची तारीख आणि कोणती हालचाल होत नाही हे लिहिले तर पुढच्या डॉक्टरांना घड्याळ कुठे आले आहे ते कळते.

शस्त्रक्रियेत काय करतात? पोटरीतला, फक्त संवेदना वाहणारा एक मज्जातंतू काढून त्याचा सांधा तुटलेल्या जागी लावतात. मूळच उपटले असेल तर शेजारच्या चालू तारेतून जोडणी घेतात. फ्रान्सचे क्रिस्तॉफ ओबेरलँ यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती यात फार उपयोगी ठरली. हाताच्या पंजाकडे जाणाऱ्या मज्जातंतूतले एक-दोन धागे दंडाच्या स्नायूकडे वळवायचे. पंजाचे फारसे नुकसान होत नाही आणि अंतर कमी असल्याने कोपर लवकर वाकू लागते. मात्र पाचही मुळे उपटलेल्या प्रौढ माणसाची बोटे पूर्वीसारखी होतील असे आश्वासन कोणी देऊ नये. कोपर वाकणे आणि खांदा स्थिर होणे, हीच अशा वेळी मोठी कमाई असते. वाकलेल्या कोपरावर पिशवी अडकवता येते, भारा कवेत धरता येतो.

उशीर झालेल्यांसाठीही सगळे संपलेले नसते. चालू असलेल्या स्नायूचा कंडरा हलवून बंद पडलेल्याचे काम त्याच्याकडे देता येते. हे तंत्र भारतात रुजले ते कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांसाठी, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यावर काम सुरू केले. पालघर जिल्ह्याला कुष्ठरोग नवा नाही. अपघात नसताना करंगळीकडची बाजू बधीर होऊन बोटे वाकू लागली तर आधी त्याचीच तपासणी हवी, आणि त्याची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

शस्त्रक्रिया होवो न होवो, घरची काळजी पहिल्या दिवसापासून लागते. दुसऱ्या हाताने खांदा, कोपर, मनगट आणि प्रत्येक बोट दिवसातून तीन-चार वेळा हळूहळू पूर्ण फिरवावे. सांधे आखडले तर नंतर आलेली ताकद वाया जाते. बधीर हाताला चूल, निखारा, बिडी यांचा चटका कळत नाही. रोज झोपताना हात उजेडात धरून जखम शोधावी. पाणी किती गरम आहे ते चांगल्या हाताने बघावे. उठता-बसताना हात झोळीत असावा, त्याला धरून कोणी ओढू नये.

दुखण्याचे वेगळे आहे. मूळ उपटलेल्या हातात विजेचे झटके बसल्यासारखी आग होते आणि रुग्ण रात्र रात्र बसून काढतो. हात हलत नाही, स्पर्श कळत नाही, मग दुखते कसे, असे घरातले विचारतात, कधी तो नाटक करतो असेही म्हणतात. हे दुखणे मज्जारज्जूत तयार होते आणि साध्या वेदनाशामक गोळ्यांना फारशी दाद देत नाही. त्यासाठी अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन या गटातली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी लागतात. बरेच जण याच काळात दारूकडे वळतात, काहींच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

अडीच-तीन वर्षे चालणाऱ्या या उपचारात कागदांनाही मुदती असतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्ण बसतो का, हे दाखल होण्याआधीच संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. शिधापत्रिका आणि आधार बरोबर हवेत. दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल तर पोलिसांत नोंद हवी, कारण मोटार अपघात दावा दाखल करण्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर गंभीर जखमीला ५० हजार रुपयांची तरतूद आहे. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी जवळच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

सुधारणा थांबली की पुनर्वसनाचे काम उरते. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. एका हाताने काम कसे करायचे, उजवा गेला तर डाव्याने कसे लिहायचे, याचे प्रशिक्षण अशा ठिकाणी मिळते. तोपर्यंत दिव्यांगत्वाचा दाखला अडवून ठेवण्याचे कारण नाही. हात सुधारण्याची शक्यता असेल तर मुदतीचा दाखला मिळू शकतो. तो ४० टक्के किंवा त्याहून अधिकचा असेल तर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, आणि जव्हारहून मुंबईच्या फेऱ्या किती होणार आहेत हे पाहता ती सवलत पहिल्याच वर्षी हातात असावी.