चार खोल्या आणि बाकीचं पार्लं

आजोबांनी विलेपार्ल्यात, स्टेशनच्या पूर्वेला, घर बांधलं ते १९३४ साली. कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावू लागून तेव्हा सहा वर्षं झाली होती. नोकरी फोर्टात आणि बिऱ्हाड पार्ल्यात, हे त्या गाडीमुळेच जमलं. मुंबई महापालिकेची हद्द इथवर आली ती पुढे १९५० मध्ये. चार खोल्या, मंगलोरी कौलं, पुढे ओटा, मागे विहीर. माझ्या लहानपणी, सत्तरच्या आसपास, त्यात आम्ही अकरा माणसं राहत होतो.

चार खोल्या पुरायच्या कशा, असं माझी मुलं विचारतात. पुरत नव्हत्याच. आमचा निम्मा संसार घराबाहेर होता. लोकमान्य गेले १९२० मध्ये. पार्लेकरांनी १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय काढलं आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. पुलं त्याच शाळेचे विद्यार्थी. संघाला आम्ही टिळक मंदिरच म्हणायचो. परीक्षा जवळ आली की वह्या घेऊन तिथेच जाऊन बसायचं. व्याख्यानं ऐकली तीही तिथेच.

आजीचा जीव तिथल्या वाचनालयात. गुडघ्यांमुळे तिला जाता येत नसे, म्हणून ती मला पाठवायची. वाचून झालेल्या पुस्तकाच्या एक्कावन्नाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, ती पेन्सिलीने मोहरीएवढा ठिपका द्यायची. मी कपाटापाशी उभा राहून ते पान उघडायचो. ठिपका दिसला की पुस्तक परत जागेवर. वाचनालयाच्या पुस्तकावर खूण करू नये हे मला शाळेत शिकवलेलं, त्यामुळे दर वेळी छातीत धडधडायचं. पण तिचं नाव मी कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी वडील गाडीतून उतरत तेव्हा बिस्किटांच्या भट्टीचा गोड वास स्टेशनवर भरलेला असे. पार्ल्याचा तो कारखाना १९२९ चा, म्हणजे आमच्या घरापेक्षाही थोरला. २०१६ मध्ये तो बंद झाला. त्या दिवसांत मी गाडीतून उतरून क्षणभर उभा राहायचो, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

घर गेलं ते त्याआधी, २००७ मध्ये. कौलं दर पावसाळ्यात गळत, काकांचे वाटे व्हायचे होते. आणि आईचे हात कसे विसरू? पहाटे विहिरीचं पाणी शेंदून तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते. संडास अंगणापलीकडे, भर पावसात म्हाताऱ्या आजीवर छत्री धरून तीच न्यायची. नव्या इमारतीतल्या लिफ्टने तिची शेवटची वर्षं सुखाची केली. पाडायला नको होतं, असं मी म्हणणार नाही.

विमानतळ शेजारी असल्याने पार्ल्यात इमारत किती उंच न्यायची याला बंधन आहे. वर जाता येईना, मग बिल्डर आडवा पसरला. अंगण गेलं, जामाचं झाड गेलं, ओटा गेला. मला सगळ्यांत जास्त लागला तो ओटा. बाजारातून परतणाऱ्या बायका भाजीच्या पिशव्या तिथे टेकवून दम घ्यायच्या. कुणाच्या घरी ताप आहे, कुणाचं पोर नापास झालंय, हे आजीला जागच्या जागी कळायचं, आणि संध्याकाळी मी पेजेचं भांडं घेऊन त्या घरी निघालेला असायचो. नव्या इमारतीच्या माहितीपत्रकात व्यायामशाळा होती, गच्चीवरची बाग होती. वाटसरूला टेकायला काही नव्हतं. आता पाहुण्याने फाटकाशी वहीत नाव लिहायचं. काकांपैकी दोघांनी फ्लॅट विकले, एक डोंबिवलीला गेले, एक पुण्याला. आम्ही राहिलो.

विहीर बुजवली नाही, तिच्यावर स्लॅब टाकला. आज तिथे बारा नंबरची गाडी उभी असते. आषाढात चार दिवस धार लागली की त्या गाडीखाली फरशीच्या सांध्यांतून गोल ओल उमटते. वॉचमन पोतं टाकतो. मी त्याला सांगून ठेवलंय, पुसू नकोस, राहू दे.