मोठ्या डिस्कने पकड वाढत नाही

“काका, विसाची डिस्क टाकली की गाडी रस्त्याला चिकटून चालते.” बीडमध्ये हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात ऐकलं आहे, पेट्रोल पंपावर ऐकलं आहे, साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी रांगेत उभं असतानाही ऐकलं आहे. सांगणारा दर वेळी तितक्याच खात्रीने सांगतो. मागच्या पावसाळ्यात पुतण्यानेही ते मनावर घेतलं. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीची अठरा इंची चाकं काढली आणि विसाची चढवली. पंधरा दिवसांत गावाकडच्या रस्त्यावर पुढचं डावं चाक खड्ड्यात आदळलं. टायरच्या दुकानात चाक उतरवलं तेव्हा साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लिंबाएवढा फुगा आला होता. डिस्कच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं तर ती एका जागी चेपलेली लागत होती.

फुगा म्हणजे टायरच्या आतले धागे तुटलेले असतात आणि बाहेरचं रबर एकट्याने हवा धरून असतं. अशा टायरवर महामार्गाला लागणं म्हणजे जिवाशी खेळ. असा टायर दुरुस्त होत नाही, फेकूनच द्यावा लागतो.

हे का घडलं, ते टायरवरच लिहिलेलं असतं. स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या मॉडेलला २५५/६० आर १८ टायर येतात. २५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५३ मिलिमीटर. १८ म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत. आता विसाच्या डिस्कवर त्याच उंचीचं चाक बसवायचं तर टायर २५५/५० आर २० घ्यावा लागतो. दोन्ही चाकांची पूर्ण उंची काढा. दोन्ही वेळा साधारण ७६३ मिलिमीटर येते. गाडी एका केसानेही वर उचलली जात नाही. बदलतं ते एवढंच की साइडवॉल १५३ वरून साडेपंचवीस मिलिमीटर कमी होऊन १२७.५ वर येते. खड्ड्याचा दणका सोसणारं एक इंच रबर आणि हवा गेली आणि तिथे धातू आला. खड्ड्यांच्या जिल्ह्यात पैसे मोजून आपण गाडीची गादी पातळ करून घेतली.

“पण टायर रुंद घेतला तर पकड वाढेल ना?” हा पुढचा प्रश्न. दोन टनांची गाडी धरा. एका चाकावर ५०० किलो भार येतो. हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार केला की रस्त्याला टेकलेला ठसा साधारण २१७ चौरस सेंटिमीटर येतो. या हिशेबात रुंदी कुठेच नाही. भार आणि हवा तीच ठेवून टायर रुंद केला, तर ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखडतो, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. कोरड्या डांबरावर वेगात वळण घेताना रुंद टायरचा थोडा फायदा होतो, हे खरं आहे. पण पावसात साचलेल्या पाण्यावर तोच रुंद टायर कमी वेगाला तरंगू लागतो, कारण पाणी बाजूला सारायला त्याला जास्त जागा रिकामी करावी लागते. सोलापूर-धुळे महामार्गावर पावसात गाडी हाणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

चिखलाचं गणित आणखी वेगळं. गेवराई-माजलगावकडची गोदाकाठची काळी जमीन खोल आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि पायाला लागते तशीच टायरला लागते. चाकाचे दोन-चार फेरे झाले की बटणांमधल्या खाचा भरतात आणि नवा टायरही गोटा झाल्यासारखा घसरतो. तिथे लागतात त्या रुंद, मोकळ्या खाचा, म्हणजे चाक फिरताना माती झटकली जाईल. पाटोदा-आष्टीकडे बालाघाटाच्या माथ्यावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम. तिथे अरुंद टायर चिखल कापून खालच्या मुरमाला टेकतो आणि रुंद टायर वरच्या वर सरकत राहतो. डिस्कची चमक दोन्हीकडे निरुपयोगी.

आता उंची वाढवणाऱ्यांकडे येऊ. त्याच अठराच्या डिस्कवर कुणी २८५/६० चे टायर चढवतात. चाकाची उंची ७९९ मिलिमीटर होते, पण गाडीचं पोट त्याच्या निम्म्यानेच वर जातं, म्हणजे जेमतेम १८ मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा पावणेपाच टक्के जास्त वेगाने धावत असते. चाक जड झाल्याने ब्रेकला जास्त जोर लागतो, ॲव्हरेज घटतं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासण्याची भीती असते. धारूरच्या घाटात उतारावर समोरून उसाची ट्रॉली आली, तर त्या १८ मिलिमीटरचा काही उपयोग नाही. तिथे ब्रेकच कामाला येतो.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच मॉडेलला कंपनी दुसरी साइझ देत असेल, तर तेवढीच वाट सुरक्षित. थारला २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशा दोन्ही साइझ कंपनीनेच दिल्या आहेत. रोज शेतात जाणाऱ्याला मी सोळाची घ्या म्हणेन. तिची साइडवॉल १८४ मिलिमीटर आहे, अठराची १६६.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

गैरसमज: उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो.
वस्तुस्थिती: उलट आहे. हवा कमी असली की साइडवॉल जास्त वाकते, त्यातून उष्णता वाढते आणि टायर फुटतो. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने जाण्याआधी थंड टायरची हवा तपासा.

गैरसमज: टायरवर छापलेला पीएसआयचा आकडा म्हणजे भरायची हवा.
वस्तुस्थिती: ती टायरची कमाल मर्यादा आहे. भरायचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो.

गैरसमज: नायट्रोजन भरला की हवा बघावी लागत नाही.
वस्तुस्थिती: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून दोनदा गेज लावावाच लागतो.

गैरसमज: फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, टायर कसेही चालतात.
वस्तुस्थिती: चारही चाकांना ताकद मिळाली तरी थांबताना टायरच थांबवतो. चार चाकं वेगवेगळ्या उंचीची असली तर ट्रान्सफर केस आणि डिफरन्शिअलवर ताण येतो.

गैरसमज: नक्षी शिल्लक आहे, टायर चांगला आहे.
वस्तुस्थिती: साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. रबर उन्हात उभ्या गाडीचंही कडक होतं.

गैरसमज: मड-टेरेन टायर सगळीकडे उत्तम.
वस्तुस्थिती: ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते आणि आवाजही येतो. बहुतेक प्रवास डांबरावर असेल तर हायवे टायर घ्या. रोज काळ्या रानातून पाणंदीने जाणं असेल तर ऑल-टेरेन घ्या.

पुतण्याने शेवटी अठराची चाकं परत चढवली, ऑल-टेरेन टायर घेतले आणि एका डिस्कचे पैसे वाया गेल्याचं दुःख गिळलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं लिहिलं. दुकानात पाय ठेवण्याआधी दाराचा खांब बघा. त्या स्टिकरवरची साइझ आणि हवेचा आकडा कागदावर लिहून घ्या. दुकानदाराने कितीही मोठी डिस्क पुढे केली, तरी तो कागद आधी दाखवा.