जन्म वगळलेला ख्रिस्त

गेल्या आठवड्यात आपण आगमनकाळाचे चार रविवार पाहिले. आज प्रत्यक्ष नाताळाकडे वळू. रामनवमी, गोकुळाष्टमी, महावीर जयंती यांच्या रांगेत बहुतेक जण या सणाला ‘ख्रिस्तजयंती’ म्हणून बसवतात आणि मोकळे होतात. एक थोर पुरुष जन्मला, त्याचा वाढदिवस. पण मध्यरात्रीच्या मिस्साला उभ्या असलेल्या भाविकाची प्रार्थना बारकाईने ऐकली, तर ही समजूत अपुरी पडते. त्याच्या लेखी मुद्दा एका थोर माणसाच्या जन्माचा नाही. ज्याला जन्मण्याची गरजच नव्हती तो खरोखर जन्मला, रक्तामांसाचा झाला, आणि म्हणून त्याचे मरणही खरे ठरले, हा आहे. ख्रिस्ती उपासनेत जन्माचे महत्त्व मरणाकडून येते, असे माझे म्हणणे आहे. त्याचा पुरावा सजावटीत आणि गाण्यांत शोधण्यापेक्षा, चर्चने पहिल्या चार-पाच शतकांत काय नाकारले आणि काय जवळ केले, त्यात शोधावा.

सुरुवातच विचित्र आहे. चार शुभवर्तमानांपैकी दोन जन्मकथा सांगतच नाहीत. सर्वांत जुने मानले जाणारे मार्ककृत शुभवर्तमान उघडते तेव्हा येशू प्रौढ असतो आणि यार्देन नदीत बाप्तिस्मा घ्यायला आलेला असतो. योहान विश्वाच्या आरंभाविषयी बोलतो. गोठा, गव्हाण, मेंढपाळ यांचा तिथे पत्ता नाही. या दोघांच्याही आधी, इ.स. ५०च्या सुमारास पत्रे लिहू लागलेला पौल जन्माविषयी काय म्हणतो? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात, येशू एका स्त्रीच्या पोटी आणि यहुदी नियमशास्त्राच्या कक्षेत जन्मला, एवढेच. सणाचीही तीच गत. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांचा मोठा सण पुनरुत्थानाचा. तिसऱ्या शतकातला ओरिजेन तर वाढदिवस साजरे करण्यावरच नाक मुरडतो. पवित्र शास्त्रात वाढदिवस करताना दिसतात ते फारो आणि हेरोद, असा त्याचा शेरा आहे. २५ डिसेंबरची नोंद आपल्याला भेटते ती रोममध्ये, इ.स. ३५४ सालच्या एका पंचांगवजा ग्रंथात, आणि तिच्यामागची यादी ३३६ची असावी असे अभ्यासक मानतात. अंत्युखियात तर ३८६ साली योहान ख्रिसोस्तोम श्रोत्यांना सांगतो की हा सण आपल्याकडे येऊन अजून दहा वर्षेही झालेली नाहीत. मग ज्या समाजाने तीनशे वर्षे या सणावाचून भागवले, त्याला जन्म इतका महत्त्वाचा का वाटू लागला?

उत्तराचा एक धागा दुसऱ्या शतकातल्या एका जहाजमालकाकडे जातो. मार्शियन हा काळ्या समुद्रावरच्या सिनोपेचा. रोमला आला, चर्चला मोठी देणगी दिली, आणि इ.स. १४४च्या सुमारास तिथल्या चर्चने देणगीसकट त्याला बाहेर काढले. यहुद्यांचा सृष्टिकर्ता देव वेगळा आणि ख्रिस्ताने प्रकट केलेला दयाळू देव वेगळा, असे त्याचे मत होते. सृष्टी दुय्यम देवाची, म्हणून देहही हीन. तेव्हा खऱ्या देवाचा पुत्र गर्भात राहिला, रडला, दूध प्यायला, हे त्याला पटेना. त्याने लूकचे शुभवर्तमान घेतले, पण जन्माचा भाग वगळून. त्याच्या पोथीत तिबेर्य सम्राटाच्या पंधराव्या वर्षी ख्रिस्त एकदम कफर्णहूमात उतरतो, पूर्ण वाढलेला. त्याला आई नाही, वंशावळ नाही, बाळपण नाही. कल्पना बाळबोध नव्हती. देवाचा मान राखण्याचाच तो एक प्रयत्न होता, आणि त्याला अनुयायीही पुष्कळ मिळाले. उत्तर आफ्रिकेतल्या तर्तुलियनने ‘ख्रिस्ताच्या देहाविषयी’ या ग्रंथात त्याला जे उत्तर दिले ते मुद्दाम खरखरीत आहे. गर्भाशय, रक्त, पाणी, बाळंतपणाची सगळी अस्वच्छता तो वाचकापुढे मांडतो आणि विचारतो की याची किळस येत असेल, तर क्रुसावरच्या मरणाची का येत नाही? देह भासमान असेल, तर खिळेही भासमान ठरतात, आणि खिळे भासमान असतील तर तारण कशाचे? इथे जन्म हा क्रुसाचा जामीन होतो.

पुढच्या शतकांतले वाद दुसऱ्या टोकाचे होते. जन्मलेला खरोखर देवच होता का, हा प्रश्न आरियसने विचारला आणि ३२५च्या निकिया परिषदेने ‘होय’ म्हटले. त्याच शतकात ग्रेगरी नाझियांझसने आग्रह धरला की ख्रिस्ताने मानवी स्वभावाचा जो भाग धारण केला नसेल तो भाग बराही झाला नसेल. म्हणून देहाबरोबर मानवी मनही हवे. ४३१ साली एफिस येथील परिषदेत मरियेला देवमाता म्हणावे असे ठरले. हा निर्णय वरवर मरियेविषयीचा. त्यातला आग्रह मात्र, तिच्या पोटी आला तो आणि देव हे दोघे वेगळे नाहीत, असा होता. जन्माचा सण नेमका या वादांच्या काळात एका शहरातून दुसऱ्या शहरात पसरला, हा योगायोग मला वाटत नाही. परिषदेत जे ठरले ते सामान्य माणसापर्यंत सणाच्या वाटेने पोहोचले.

उपासनेतली साक्ष तर अगदी उघड आहे. प्रेषितांचा विश्वासांगीकार घ्या. कुमारी मरियेपासून जन्म हे शब्द येतात आणि लगेच पंतय पिलाताच्या अमलाखालचे दुःखसहन. मधली सगळी वर्षे, डोंगरावरचे प्रवचन, दृष्टांत, चमत्कार, काही नाही. एरवी ही उणीव वाटते, आणि येशूला मुख्यतः गुरू मानणाऱ्यांनी तशी तक्रारही केली आहे. पण रचणाऱ्यांच्या मनातली जोडी त्यातून दिसते. रोमन कॅथलिक प्रथेत वर्षभर विश्वासांगीकारात देहधारणेचे शब्द आले की लोक मान लववतात; नाताळच्या मिस्सात, आणि २५ मार्चच्या देवदूताच्या निरोपाच्या सणाला, गुडघे टेकतात. रात्रीच्या मिस्साला लूकची गव्हाण वाचतात. दिवसाच्या मिस्साला मात्र योहानाचा पहिला अध्याय, ज्यात बाळ दिसतच नाही, फक्त देवाचा शब्द देहधारी झाल्याचे येते. दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचा सण. २८ला हेरोदाने मारलेल्या बालकांचा. आनंद करा म्हणणाऱ्या आठवड्यात दोन हौतात्म्ये! पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चित्रांत बाळाभोवतीचे कापड प्रेतवस्त्रासारखे आणि गव्हाण दगडी थडग्यासारखी काढतात. आसिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी बैल-गाढवासह गव्हाण मांडली ती कौतुकाने आठवली जाते. पण त्या गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाला, म्हणजे मरणाचे स्मरण झाले, हे सांगायचे राहून जाते.

आता आक्षेप. पहिला, तारीख उसनी असल्याचा. ऑरेलियन सम्राटाने २७४ साली रोममध्ये सूर्याचे देऊळ उभारले, आणि ३५४च्या ज्या ग्रंथात ख्रिस्तजन्माची तारीख आहे त्याच ग्रंथात २५ डिसेंबर हा ‘अजिंक्या’चा, म्हणजे सूर्याचा जन्मदिवसही नोंदलेला आहे. तेव्हा संशय निराधार नाही. उलट बाजूचे अभ्यासक म्हणतात की २५ मार्च हा ख्रिस्ताच्या मरणाचा आणि गर्भधारणेचाही दिवस मानून त्यावर नऊ महिने मोजले गेले. हे गणित खरे असेल तर माझा मुद्दा आणखी बळकट होतो, कारण जन्मदिवस अक्षरशः मरणदिवसावरून काढला असे होईल. तरी मी त्यावर भिस्त ठेवत नाही. तारीख उसनी असली तरी तिच्यात भरलेला अर्थ उसना ठरत नाही. पाचव्या शतकातला पोप लिओ नाताळच्या प्रवचनात संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्यांवरून मागे वळून उगवत्या सूर्याला वाकणाऱ्यांना खडसावतो. गोंधळ होता, आणि तो चालवून घेतला जात नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मत्तयाकडे तारा, मागी लोक, मिसरात पलायन. लूककडे नावनिशी (जनगणना), मेंढपाळ, मंदिरातली भेट. लूक क्विरिनियच्या नावनिशीचा उल्लेख करतो, जी योसेफस या इतिहासकाराच्या हिशेबाने इ.स. ६ मध्ये येते. मत्तय जन्म हेरोदाच्या हयातीत ठेवतो, आणि हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये वारला असे सामान्यतः मानतात. निदान नऊ वर्षांची ही फट बुजवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत. मला ते ओढूनताणून केलेले वाटतात. दोन्ही वृत्तांत इतके वेगळे असूनही मरिया, योसेफ, बेथलेहेम, नासरेथ, हेरोदाचा काळ आणि कुमारीगर्भ यांवर जुळतात, हे खरे. पण त्यातून देव जन्मला हे सिद्ध होत नाही. कुठल्याच दस्तऐवजातून ते होणार नाही. भाविकाच्या श्रद्धेला नावनिशीचे साल अचूक असण्याची गरज नाही. एक खरा माणूस जन्मला आणि पिलाताच्या काळात मारला गेला, याची आहे. पिलाताने त्याला मारल्याचे ख्रिस्ती लोकांविषयी तुच्छतेने लिहिणारा रोमन तासितुसही सांगतो.

मराठी वाचकाच्या मनातला प्रश्न याहून वेगळा असणार. मध्यरात्रीचा जन्म, घाबरलेला राजा, बालहत्या, रातोरात पलायन. कंस आणि हेरोद यांची आठवण एकत्र येणे अगदी स्वाभाविक आहे. मग हा अवतारच नाही का? साम्य नाकारण्यात अर्थ नाही. इथे कोणती कल्पना श्रेष्ठ हेही ठरवायचे नाही. पण भागवताच्या दहाव्या स्कंधात देवकीला आधी चतुर्भुज रूप दिसते, मग बाळ होते; पुढे यशोदेला त्याच्या मुखात विश्व दिसते. बाललीलेची सारी गोडी त्या डोकावणाऱ्या देवपणात आहे. येशूच्या बाळपणाच्या तशा कथाही होत्या. मातीच्या चिमण्या करून त्यांना उडवणारा पाच वर्षांचा येशू थोमाच्या नावावरच्या बाल-शुभवर्तमानात भेटतो. कथा लोकप्रिय होत्या, कुराणातही मातीच्या पक्ष्याचा उल्लेख आहे. चर्चने तो ग्रंथ आपल्या शास्त्रात घेतला नाही. लूकमधल्या मेंढपाळांना खूण मिळते ती कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेल्या बाळाची, आणि एवढीच. दुबळेपण हीच खूण.

फादर थॉमस स्टीफन्स यांना हे साम्य आणि हा फरक दोन्ही ठाऊक असावेत. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांसाठी ओवी आहे, पुराणाचा घाट आहे, पण ख्रिस्तजन्म दुसऱ्या पुराणात येतो. त्याआधी सृष्टी, आदामाचे पतन आणि संदेष्ट्यांची दीर्घ प्रतीक्षा यांचे एक अख्खे पुराण उभे आहे. ते ऐकल्याशिवाय गव्हाणीपाशी पोहोचता येत नाही.

ख्रिस्ती लोकांतूनही या सणाला विरोध झाला. इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटने १६४७ मध्ये तो रद्द केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. शास्त्रात या सणाची आज्ञा नाही आणि लोक त्या नावाखाली दारू पितात, ही त्यांची कारणे. दोन्ही खरी आहेत. पण त्यांच्यापैकी कोणी जन्म नाकारला नव्हता, त्यामुळे त्यांचा वाद मार्शियनच्या वादाच्या पंगतीत बसत नाही.

पुढच्या आठवड्यात ६ जानेवारीचा सण घेऊ. आर्मेनियन चर्च ख्रिस्तजन्म आजही त्या दिवशीच, बाप्तिस्म्याबरोबर, साजरा करते. तोवर वाचकांनी मत्तय आणि लूक यांचे पहिले दोन-दोन अध्याय शेजारी ठेवून वाचावेत. पुढची चर्चा त्यांवरच उभी राहणार आहे.